टॉय स्टोरीतल्या सिडला आपण उगाच व्हिलन केलंय का?

टिवल्याबावल्या:
काल घरी भाचरं जमली होती म्हणून १९९५चा पहिला टॉय स्टोरी लावला, ८१ मिनिटं पोरं हलली नाहीत. मी मात्र या खेपेला सिडकडेच, म्हणजे शेजारच्या त्या खेळणी मोडणाऱ्या पोराकडेच बघत बसलो. या पोराचा गुन्हा काय हो? खेळणी जिवंत असतात हे त्याला माहीतच नाहीये, कारण माणूस दिसला की ती मेल्यासारखी पडतात, हा नियम त्यांचाच. मग तो प्लास्टिकच मोडतोय ना? वर मोडून टाकून देत नाही, जोडतो. मेकॅनोच्या पट्ट्यांचे कोळ्यासारखे पाय आणि वर बाहुलीचं टकलं मुंडकं, हे सुचायला डोकं लागतं राव. सिनेमातला गुणी पोरगा अँडी आपला काऊबॉयला काऊबॉयसारखाच खेळवतो. आमच्याकडे असा पोरगा असता तर 'इंजिनिअर होणार बघा' म्हणून आजीने गावभर सांगितलं असतं.

चिंगीची आई:
अजिबात पटलं नाही. खेळणी जिवंत आहेत हे माहीत नव्हतं, मान्य, पण बहीण जिवंत आहे हे तर माहीत होतं ना? हॅनाच्या हातातली बाहुली हिसकावतो, 'ऑपरेशन' करून तिचं मुंडकं काढतो, तिथे टेरोडॅक्टिलचं (डायनासोरच्या काळातला उडणारा प्राणी) बसवतो आणि वर तेच तिला परत देतो. ती रडत आईकडे पळते. याला क्रिएटिव्हिटी म्हणणारे बहुतेक थोरले भाऊ असतात असा माझा अनुभव आहे.

सुतळीबॉम्ब:
मी थोरला भाऊ आहे आणि गप्प बसतोय 😅 पण सिड तो सैनिक फटाका बांधून उडवतो ना, ते बघून मला आमचं अंगण आठवलं. दिवाळीत सुतळी बॉम्बवर डबा उपडा टाकायचा, कधी डब्यावर बहिणीचा भातुकलीतला तवा. चाळीतली निम्मी पोरं सिड होती, आज सगळी सरळ नोकऱ्या करतायत, एकजण तर दातांचा डॉक्टर आहे (आता लिहिताना जरा भीती वाटली).

घारूअण्णा:
तुम्ही सगळे चुकीच्या माणसाला पकडताय. व्हिलन वुडी आहे, अँडीचा तो लाडका काऊबॉय. अँडीला पिझ्झा प्लॅनेट हॉटेलात एकच खेळणं न्यायची परवानगी मिळते तेव्हा हा रिमोटची गाडी सोडून बझला, म्हणजे अँडीच्या नव्या अंतराळवीराला, टेबलामागे पाडायला जातो आणि बझ खिडकीतून थेट बाहेर. खिडकीबाहेर पाडायचं नव्हतं हे खरं, पण नियत काय होती? आणि हा तर सौम्य केलेला वुडी आहे. १९९३च्या नोव्हेंबरमध्ये पिक्सारने कच्चा सिनेमा डिस्नेला दाखवला त्यात वुडी इतका खडूस होता की डिस्नेने काम थांबवलं, मग पटकथा नव्याने लिहिली. सिड निदान समोरून वार करतो, आपला नायक मत्सरी आहे आणि त्याला माफी का, तर आवाज टॉम हँक्सचा आहे म्हणून.

चिंगीची आई:
वुडी पस्तावतो. सिड पस्तावत नाही, घाबरतो. फरक आहे.

टिवल्याबावल्या:
हॅनाचा मुद्दा मान्य, तिथे माझी बोलती बंद. पण 'घाबरतो' म्हणालात तेच तर खटकतं मला. शेवटी खेळणी चिखलातून, वाळूतून उठून त्याला घेरतात, वुडी डोकं गरागरा फिरवून 'नीट खेळ' म्हणतो आणि पोरगा किंचाळत घरात पळतो. हा आपला बागुलबुवाच झाला की! ज्याचा बाप दिवसाढवळ्या टीव्हीसमोर खुर्चीत झोपलेला दिसतो, त्या पोराला धाक घालून सुधारायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या.

गवतीचहा:
टिवल्या, बाकी सगळं ठीक, पण 'मोडून जोडतो' हे श्रेय सिडला देऊ नका. जोडणारी ती सिडने मोडलेली खेळणीच आहेत. वुडीला वाटतं ही बझला खाणार, आणि ती त्याचा तुटलेला हात बसवून देतात, हॅनाची बाहुली आणि तो टेरोडॅक्टिलपण पूर्ववत करून ठेवतात. मला अख्ख्या सिनेमात ते दृश्य सगळ्यात आवडतं, एक शब्द नाही त्या खेळण्यांच्या तोंडात. आणखी एक, सिड भयानक दिसतो यात थोडा हात कॉम्प्युटरचापण असावा. तेव्हा कातडी, केस नीट जमत नव्हते, प्लास्टिक झकास जमायचं, म्हणून तर खेळण्यांचा विषय सोयीचा पडला. अँडीचा चेहरापण आज बघवत नाही 🙈

सुतळीबॉम्ब:
तिसऱ्या भागात (२०१०) कचऱ्याच्या गाडीवर तोच कवटीचा टीशर्ट घालून दिसतो तो सिडच आहे, माहितीये ना? ते मात्र मला टोचलं. अँडी कॉलेजला आणि सिड कचरा उचलायला, म्हणजे वाईट पोराचं हेच होतं असं सांगायचंय का?

घारूअण्णा:
टोचायचं काय त्यात? कानाला हेडफोन, मस्त ठेका धरून काम करतोय. अख्ख्या मालिकेत एवढा खुश मोठा माणूस दुसरा दाखवा. कचरा उचलणं ही शिक्षा वाटते हा दोष आपला.

चिंगीची आई:
घारूअण्णा, हे मात्र बरोबर बोललात. बाकी सिडबद्दल माझं मत तेच. आत्ता हे लिहितेय तोवर आमच्या चिंगीने बाहुलीचे केस मुळापासून कापलेत, डोक्याला लाल स्केचपेन फासलंय आणि एक हात गायब आहे. का केलंस विचारलं तर म्हणे तिला उकडत होतं.