मदत हवी आहे: ही चूक सी की डी?

डिस्चार्जच्या चिठ्ठ्यांमधल्या औषधचुकांवर आमचा प्रोजेक्ट चालू आहे. वर्गवारी एनसीसी मर्पच्या (औषधचुकांवर काम करणारी अमेरिकन परिषद) ए ते आय श्रेणींनुसार; सी म्हणजे चूक पेशंटपर्यंत पोचली पण अपाय नाही, डी म्हणजे अपाय नाही ना हे पाहायला किंवा तो टाळायला तपासणी वा उपाय लागला. एका केसवर गाडी अडलीय. मेथोट्रेक्सेट (रोज घेतलं तर रक्तपेशी घटवू शकणारं औषध) ७.५ मिग्रॅ आठवड्यातून एकदा हवं होतं, चिठ्ठीत पडलं ‘रोज’. (किती जुनी चूक, तरी होतेच!) पेशंटने दोन दिवस गोळ्या घेतल्या, मग फार्मासिस्टच्या फोनवर ते उघड झालं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) दोनदा केला, नॉर्मल आला. मी म्हणते डी, कारण अपाय नाही हे ठरवायलाच तपासणी लागली. मैत्रीण सीवर अडून बसलीय.

शिवाय आमच्या दोघींच्या एकमतासाठी साधा कप्पा (kappa, दोघींची मतं किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढावा की वेटेड, म्हणजे मतभेद किती मोठा त्यानुसार वजन देणारा? श्रेणी गांभीर्यानुसार चढत्या आहेत, सी-डी आणि सी-एच हे मतभेद सारखे कसे धरायचे? कुणी केलंय का?