पैसा येतो कसा, टिकतो कसा : सांगली-सातारकरांचे अनुभव

बचत आणि खर्च यांविषयी बोलताना आपण बहुधा माणसाच्या स्वभावावर येऊन थांबतो. अमका चिकट, तमका उधळ्या, एवढे म्हटले की विषय संपतो. मला मात्र या दोन जिल्ह्यांत वावरताना असे वाटत आले आहे की पैसा हातात येण्याची रीतच माणसाच्या सवयी अधिक घडवते. ज्याला वर्षातून एकदा उसाचे बिल मिळते, ज्याच्या गल्ल्यात रोज संध्याकाळी सुट्टे पैसे जमतात, ज्याचा पगार एक तारखेला होतो आणि जिला घरखर्चातून गुपचूप चार नोटा बाजूला काढाव्या लागतात, त्या चौघांची काटकसर एकसारखी असणे शक्य नाही. म्हणून मी ओळखीच्या आणि अनोळखी अशा अनेकांना इतकेच विचारले, की आपल्याकडे पैसा येतो कसा, तो हातून निसटू नये म्हणून आपण काय करता आणि कोणत्या गोष्टीवर खर्च करताना मागे-पुढे पाहत नाही. आपल्याकडे किती आहे हे कोणी लिहू नये आणि कोणत्याही बँकेचे किंवा पतसंस्थेचे नाव घेऊ नये, एवढी विनंती केली होती आणि सर्वांनी ती पाळली. आलेले लेखन त्यांनी एकमेकांचे वाचले, म्हणून काही ठिकाणी ते एकमेकांशी बोलतात.

ऊस व हळद उत्पादक, वाळवा तालुका

आमच्याकडे पैसा येतो तो वाटे ठरूनच येतो. कायद्याप्रमाणे ऊस कारखान्याला गेल्यापासून 14 दिवसांत एफआरपीची, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान दराची, रक्कम मिळायला हवी. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये दर जाहीर झाला आहे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, विकास सोसायटीचे पीककर्ज परस्पर कापले जाते, मग खतवाल्याची आणि ठिबकवाल्याची उधारी भागवावी लागते. उरलेली रक्कम लहान असो वा मोठी, ती एकदम येते आणि बिल जमा झाल्याची वार्ता गावभर झालेली असते. भावकीतील कोणी उसने मागायला आला तर 'नाहीत' असे म्हणण्याची सोय राहत नाही. त्यामुळे माझे वडील बिल जमा झाले की आठवड्याच्या आत पैसा कशात तरी गुंतवून मोकळे होत. कधी पाइपलाइन, कधी म्हैस, कधी घराचा वरचा मजला. गरज होती म्हणून नव्हे, तर हातात राहिला तर जाईल म्हणून.

आजोबांची खरी शिल्लक मात्र हळदीत असे. दर पडला की ते विकत नसत, माल हरिपूरच्या पेवात टाकत. नदीकाठच्या घट्ट मातीत खोल खणलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटात फुगीर असे ते पेव बंद केले की आत हवा खेळत नसे, म्हणून कीड लागत नसे, आणि माल वर्षानुवर्षे टिकत असे. पेव उघडले तरी लगेच कोणी आत उतरत नसे. बराच वेळ ते उघडे ठेवून, कंदील खाली सोडून, तो विझत नाही हे पाहिल्यावरच माणूस उतरे. पेवात ठेवलेल्या मालाच्या पावतीवर व्यापारी उचल देत, त्यामुळे माल न विकताही लग्नकार्य निभावून जाई. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरले आणि ती रीत मागे पडली. मी आता बाजार समितीच्या तारण योजनेत गोदामात माल ठेवतो आणि त्यावर उचल घेतो. आजोबांचाच हिशेब, फक्त जमिनीच्या वर आलेला.

खर्चाचे म्हणाल तर बेण्यावर आणि औषधावर मी घासाघीस करीत नाही. कपड्यांवर करतो.

दुकानदार, मारुती चौक परिसर, सांगली

वरील शेतकरी बंधूंच्या उलट माझी स्थिती आहे. माझ्याकडे मोठी रक्कम कधीच एकदम येत नाही, आणि रोज येणारा पैसा हा उत्पन्न नसून बहुतांशी व्यापाऱ्याचा माल असतो, हे गल्ला मोजताना विसरणे फार सोपे असते. यावर आमच्या पेठेतील तोडगा म्हणजे पिग्मी, रोज थोडी थोडी रक्कम भरण्याची ठेव. दुकान बंद करण्याच्या सुमारास एजंट येतो, उभ्या उभ्याच रक्कम घेतो, कमरेच्या लहान यंत्रातून पावती फाडून देतो आणि पुढच्या दुकानात जातो. पूर्वी यंत्राऐवजी कार्ड असे आणि त्यावर तो सही करी. व्याज पाहिले तर हा व्यवहार खुळेपणाचा ठरतो, कारण मुदतीआधी मोडल्यास व्याज मिळत नाहीच, वर कपातही होते. पण माझ्यासारख्याला व्याजापेक्षा तो दारात उभा राहणारा माणूस हवा असतो. ज्या दिवशी धंदा झालेला नसतो त्या दिवशीही शेजाऱ्यासमोर 'आज नको' म्हणणे जिवावर येते, आणि त्या संकोचातूनच पैसे साठतात.

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. आमच्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी होते. विमा मालाच्या एका भागाचाच होता आणि त्याचीही कागदपत्रे भिजलेली. दुकान पुन्हा उभे राहिले ते पिग्मीच्या रकमेवर आणि तिच्यावर मिळालेल्या कर्जावर. त्या पुरानंतर माझ्या खर्चात एकच फरक पडला : खालच्या फळ्यांवर आता महाग माल ठेवीत नाही, मात्र विम्याचा हप्ता पूर्ण मालाचा भरतो आणि त्याला खर्च मानीत नाही.

गृहिणी, मिरज तालुका

घरखर्चातून बायका पैसे बाजूला ठेवतात हे प्रत्येक नवऱ्याला माहीत असते, फक्त कोठे आणि किती हे माहीत नसते. माझे पैसे हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात, डाळीखाली प्लास्टिकच्या पिशवीत असत. भाजीतील, दुधातील, माहेरून ओटीत आलेले, असे ते पैसे. सुट्टे साठले की दुकानातून पाचशेची नोट करून आणायची, कारण मोठी नोट जागा कमी घेते आणि मोडायला मन धजत नाही.

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री नोटबंदी झाली आणि हीच हुशारी अंगाशी आली. गावातल्या जिल्हा बँकेच्या शाखेत माझे स्वतःचे खाते होते, तेव्हा तेथे गुपचूप भरून टाकू असे ठरवले; पण पुढच्याच आठवड्यात जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. उरला तो यजमानांच्या राष्ट्रीयीकृत बँकेतील खात्याचा मार्ग. पिशवी त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या आणि म्हणाले, "एवढे होते तर गेल्या वर्षी बोअर मारताना मला सावकाराकडे कशाला जाऊ दिलेस?" मी म्हणाले, "तेव्हा दिले असते तर आज राहिले असते का?" या प्रश्नावर आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही.

डबा बंद झाला, त्याची जागा भिशीने घेतली. आमच्या गल्लीत चिठ्ठ्या टाकून नंबर काढतात आणि शक्यतो शेवटचा नंबर लागावा अशी माझी इच्छा असते, कारण आधी मिळाले की आधी संपते. जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1500 रुपये आधारशी जोडलेल्या माझ्या खात्यात येऊ लागले. ते कोणापासून लपवायचे नाहीत, याची सवय होण्यास वेळ लागला. यजमानांना तारीख माहीत असते, आणि त्या तारखेच्या आसपास गॅस संपल्याची आठवण त्यांना बरोबर होते.

गलाई व्यावसायिक, मूळ गाव विट्याजवळ, सध्या तमिळनाडूत

खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडून देशभर सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांपैकी आमचे एक आहे. लोक ज्याला आयुष्यभराची बचत म्हणतात ती मी रोज मुशीत वितळताना पाहतो, त्यामुळे दागिन्याकडे पाहण्याची माझी दृष्टी थोडी कोरडी झाली आहे. जुनी बोरमाळ वजनाला भरघोस वाटते. मणी फोडल्यावर आतली लाख निघते. पाटल्यांचे सांधे, हाराच्या कड्या यांतील डाग, म्हणजे जोडासाठी वापरलेला हलका धातू, गाळल्यावर वेगळा होतो. टाकणखार टाकून रस साफ झाला की उरते ते खरे सोने, आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहरा त्या क्षणी पडतो. त्याला कोणी फसवलेले असतेच असे नाही. त्याने घडणावळ दिलेली असते, त्यावर कर दिलेला असतो, आणि यांतले काहीही परत मिळत नाही, एवढेच.

म्हणून आमच्या घरात घालण्यासाठी घेतलेला दागिना खर्चात धरतात आणि साठवण्यासाठी साधी वेढणी, म्हणजे बिननक्षीची सोन्याची वळी, घेतात. 2025 मध्ये दहा ग्रॅमचा भाव एक लाखाच्या वर गेल्यापासून आमच्याकडे नव्याने घेणाऱ्यांपेक्षा जुने मोडणाऱ्यांची ये-जा वाढलेली मी पाहिली. शाळांचे प्रवेश आणि पेरणी यांच्या आधी ती नेहमीच वाढते. सोने अडीअडचणीला उपयोगी पडते हे खरेच आहे, पण ते मोडायला निघालेला माणूस नेहमी घाईत असतो आणि भाव त्याच्यासाठी थांबत नाही.

गावाकडे आम्ही बांधलेली मोठी घरे वर्षातले बहुतेक दिवस बंद असतात. त्यावर वायफळ खर्च म्हणून टीका होते. ती मला मान्य आहे, आणि पुढच्या वर्षी गिलावा पुन्हा करायचा आहे.

निवृत्त शिक्षिका, सातारा

आमच्या पिढीच्या नोकरदारांना बचतीचे फार कौतुक सांगितले जाते, परंतु त्यात आमच्या निग्रहाइतकाच त्या काळच्या व्याजदराचाही वाटा होता. 1988 मध्ये किसान विकास पत्र निघाले तेव्हा रक्कम साडेपाच वर्षांत दुप्पट होई. आज त्यासाठी 115 महिने लागतात. जानेवारी 2000 पर्यंत सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर (पीपीएफ) 12 टक्के मिळत. एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के मिळतात. तेव्हा आमची मुले बचत करीत नाहीत असे म्हणण्याआधी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

माझी अडचण वेगळीच आहे. मला खर्च करता येत नाही. आंबा स्वस्त झाल्याशिवाय घ्यायचा नाही, ही सवय चाळीस वर्षांत अशी मुरली आहे की निवृत्तिवेतन नियमित येत असूनही मी हापूसच्या पेटीसमोर उभी राहून भाव विचारते आणि पायरी घेऊन येते. मुलीने एसी बसवून दिला, तो पाहुणे आले की लावतो. शेवटी मी स्वतःपुरता एक नियम केला, की ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे दर तिमाहीचे व्याज पुढील तिमाही येण्याआधी संपवलेच पाहिजे आणि मुद्दलास हात लावायचा नाही. पहिल्या वर्षी ते संपवणे मला खरोखर जड गेले.

दागिना मोडणे अशुभ, असे आमच्या माहेरी मानत. त्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, हे आम्ही वर्गात मुलांना अभिमानाने शिकवत होतो आणि घरी आल्यावर लॉकरच्या किल्ल्या जपत होतो. ही विसंगती मला निवृत्त झाल्यावर जाणवली.

माथाडी कामगाराचा मुलगा, पाटण तालुका

वडील मुंबईत, आम्ही गावी. पैसा मनिऑर्डरने येई आणि पोस्टमन तो घरी आणून देई, त्यामुळे किती आले हे वाडीला आमच्याआधी कळे. वडिलांनी स्वतःसाठी काही घेतल्याचे मला आठवत नाही, परंतु यात्रेची वर्गणी आणि देवळाच्या जीर्णोद्धाराची रक्कम त्यांनी कधी कमी दिली नाही. मला ती उधळपट्टी वाटे. आजारपणात त्यांना गावी आणले तेव्हा वाडीतील माणसांनी गाडीपासून रक्तापर्यंत जे केले ते पाहून माझे मत बरेच सौम्य झाले, पूर्ण बदलले असे म्हणणार नाही. डीजेसाठी मी अजूनही वर्गणी देत नाही.

माजी सैनिक, कोरेगाव तालुका

सेवेत असताना हातात पैसा राहण्याचा प्रश्न नव्हता; जेवण, कपडे, निवास सरकारचे आणि पगार घरी. त्यामुळे निवृत्तीच्या वेळी एकदम मिळालेली रक्कम कशी सांभाळावी याचा सराव मला नव्हता. संचालक ओळखीचे, कार्यालय चकचकीत आणि व्याज बँकेपेक्षा दीड-दोन टक्क्यांनी अधिक, म्हणून मोठा भाग एका पतसंस्थेत ठेवला. संस्था अडचणीत आली आणि ठेव अजून पूर्ण मिळालेली नाही. त्या निमित्ताने कळलेली गोष्ट सर्वांसाठी लिहितो. बँकेतील ठेवीला 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, त्याआधी तो एक लाखाचा होता. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थेतील ठेवीला तो लागू नाही. दोन्हींच्या पाट्यांवर 'सहकारी' हा शब्द असतो आणि आमच्यासारखे लोक तेवढाच वाचतात.

परिचारिका, मूळ सातारा, सध्या पुण्यात

पगार होतो त्याच दिवशी एसआयपी (म्युच्युअल फंडातील दरमहाची गुंतवणूक) आणि घराचा हप्ता जातो, उरलेले फोनवरून कोठे जाते ते मला सांगता येणार नाही. मिरजेच्या काकूंची डाळीच्या डब्याची युक्ती मी दुसरे खाते काढून अमलात आणली आहे. त्या खात्याला यूपीआय जोडलेले नाही आणि त्याचे एटीएम कार्ड साताऱ्यात आईकडे असते. आईला मात्र ते का दिले आहे हे पटलेले नाही. तिच्या मते पैसे हवे असतील तर मागावेत, कार्ड कशाला.

गृहिणी, मिरज तालुका (पुन्हा)

विट्याच्या दादांना एक विचारायचे आहे. माझ्याकडे सासूबाईंची जुनी बोरमाळ आहे, पावती नाही. मोडायची झाल्यास काय पाहावे?

गलाई व्यावसायिक

ताई, आधी लाख आणि दोरा काढून मग वजन करायला सांगा, आणि ते तुमच्यासमोर करायला सांगा. किती घट धरणार हे गाळण्यापूर्वी तोंडी नव्हे, कागदावर घ्या. दोन ठिकाणी कस लावून, म्हणजे शुद्धता तपासून, घ्या. यंत्रावरचा कस काही मिनिटांत होतो. हॉलमार्कची सक्ती जून 2021 पासून सुरू झाली, त्यामुळे जुन्या मालावर शिक्का नसणे यात तुमचा दोष नाही आणि कोणी त्या कारणाने भाव पाडत असेल तर दुसऱ्या दुकानात जा. पैशांची तातडी नसेल तर मोडू नका. बोरमाळेचे मणी ओवून देणारे कारागीर अजून आहेत.