मदत हवी आहे: क्लॅटच्या उताऱ्यांत शेवटच्या दोन पर्यायांपाशी अडते

बारावीत आहे, डिसेंबरमधल्या क्लॅटची (राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेची) तयारी चालू आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पेपर 2 तासांचा, 120 प्रश्न, चुकीच्या उत्तराला 0.25 गुण वजा. इंग्रजीच नाही, कायदा, तर्क, चालू घडामोडी हेही उताऱ्यांवरच, त्यामुळे वाचन कच्चं राहिलं की फटका सगळीकडे बसतो.

शब्दार्थ आणि थेट माहितीचे प्रश्न बरोबर येतात. लेखकाचा सूर, मध्यवर्ती मुद्दा, 'यावरून काय अनुमान निघतं' अशा प्रश्नांत दोन पर्याय सहज कटतात, आणि उरलेल्या दोनांतला बहुतेकदा चुकीचाच निवडला जातो. घड्याळ न लावताही हेच होतं, म्हणजे अडचण वेगाची नसावी.

रोज इंग्रजी अग्रलेख वाचते, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या. आधी प्रश्न वाचून मग उतारा, हेही केलं. त्याने गोंधळ वाढलाच. चुकांची वही आहे, पण तिच्यात 'नीट वाचलं नाही' यापलीकडे काही लिहिता येत नाही.

क्लास लावणं शक्य नाही, इंग्रजीला रोज तासभर मिळतो.

ज्यांचं हे सुधारलं त्यांनी कृपया सांगा: त्या दोन पर्यायांतला चुकीचा ओळखायला उताऱ्यात नेमकं काय तपासता? आणि चुकांच्या वहीत काय लिहिता?