मदत हवी आहे: आजोबा आणि नातू दोघांनाही पटेल अशी फौजी रोबोट अ‍ॅनिमे सुचवा

माणदेशी:

नमस्कार मंडळी,

अ‍ॅनिमेतलं मला नारुतोपलीकडे काही कळत नाही, म्हणून सरळ विचारते.

मुलगा आठवीत आहे. त्याला अवाढव्य रोबोटचं वेड लागलंय. माझे वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. ईएमईमध्ये (लष्कराची यंत्रदुरुस्ती शाखा) होते, म्हणजे सगळी नोकरी विजयंता आणि टी-७२ रणगाडे उघडून परत जोडण्यात गेली. सध्या आमच्याकडेच राहतात. पोरगा टीव्हीवर काही लावून बसला की तेही शेजारी येऊन बसतात आणि मग प्रश्न सुरू. "एवढ्या उंचावरून पडला, एक नट ढिला नाही झाला?" "ह्याला तेल कोण घालतं?" "हा पोरगा भरती कधी झाला, ट्रेनिंग कुठं केलं?" सगळ्यात आवडता प्रश्न म्हणजे, "सहा मजली टार्गेट उघड्या माळावर उभं आहे. दोन किलोमीटरवरून एक गोळा टाकला की खेळ खलास, हे तलवारी काय घेऊन पळतात?"

पोरगा वैतागून हेडफोन लावतो, हे रुसून गॅलरीत जातात. दोघांना एकत्र बसवेल असं काही आहे का? रोबोट हवेतच, नाहीतर धाकटी पार्टी उठून जाईल. पण फौज फौजेसारखी दिसली पाहिजे. हुकूम, रसद, दुरुस्ती, चुकलेल्याला शिक्षा, हे सगळं. मारामारी चालेल, पण आजोबांसमोर मान खाली घालावी लागेल असलं काही नको. आणि इंग्रजी डबिंग पाहिजे. बाबांना इंग्रजी समजतं, खालच्या पट्ट्या वाचायला मोतीबिंदू आडवा येतो. शंभर-शंभर भागांचं रामायणही नको.

तिरपांगडा:

इव्हॅन्जेलियन. १९९५. २६ भाग. विषय संपला.

दुपारची_झोप:

@तिरपांगडा, मालक, प्रश्न वाचत चला की. इव्हॅन्जेलियन आजोबांसमोर? शेवटचे दोन भाग बघून सुभेदारसाहेब टीव्हीच उघडून बसतील, बिघाड शोधायला.

माणदेशीताई, ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' लागायचा, आठवतो का? तो मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलायचा आणि इजिप्तच्या राजासारखं डोकं असलेला रोबोट उडत यायचा. ती अ‍ॅनिमे नव्हती, माणसं घेऊन केलेली मालिका होती, पण मूळ कल्पना मित्सुतेरू योकोयामा या जपानी चित्रकथाकाराची. त्याचाच 'तेत्सुजिन २८' हा या सगळ्या रोबोटांचा पणजोबा. १९५६ सालचा, आणि कथेत तो दुसऱ्या महायुद्धात लष्कराने हत्यार म्हणून बनवायला घेतलेला असतो. म्हणजे फौज आणि रोबोट यांचं नातं पहिल्यापासूनचं आहे. वडिलांना विचारा, बघितला असेल तर गप्पा तिथून सुरू करता येतील.

बाकी सुचवायचं काम जाणकारांवर सोडतो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पाना_नंबर_बारा:

ताई, तुमच्या वडिलांचे प्रश्न ऐकून भरून आलं. ह्याच प्रश्नांवर एक अख्खा प्रकार उभा आहे. चाहते त्याला 'रिअल रोबोट' म्हणतात. आधीचे ते 'सुपर रोबोट', म्हणजे १९७२ चा 'माझिंगर झेड' वगैरे. तिथे रोबोट एकच, तो जवळजवळ देवच, त्याला तेलपाणी विचारायचं नसतं. १९७९ मध्ये योशियुकी तोमिनोने 'मोबाइल सूट गंडम' आणली आणि रोबोटला रणगाड्याच्या रांगेत नेऊन बसवलं. कारखान्यात बनणारं, मॉडेल नंबर असलेलं, मोडणारं, दारूगोळा संपणारं लष्करी वाहन.

आता तो दोन किलोमीटरवाला प्रश्न. उत्तर कथेतच दिलंय. 'मिनोव्स्की कण' नावाचा प्रकार रणांगणावर पसरवतात, त्याने रडार आणि रेडिओ निकामी होतात, क्षेपणास्त्रं आंधळी होतात. मग डोळ्यांनी दिसेल तेवढ्या अंतरावरच लढावं लागतं. थाप आहे, पण विचारपूर्वक मारलेली थाप. बाबा निदान "बरं, मानलं" म्हणतील.

आणि रसद! पहिल्या गंडमच्या सोळाव्या भागात जहाजावरचं मीठ संपतं. आचारी येऊन कप्तानाला सांगतो की मीठ नाही, माणसं काम करू शकणार नाहीत, आणि एवढी मोठी युद्धनौका मीठ शोधत मध्य आशियातल्या लोप नोरच्या खाऱ्या सरोवराकडे वळते. रोबोट मालिकेत हे दाखवायला हिंमत लागते. अर्थात प्रेक्षकांनी तेव्हा पाठ फिरवली, ५२ भागांची मालिका ४३ वर गुंडाळली. पुढच्या वर्षी बांदाईची प्लास्टिकची मॉडेल्स बाजारात आली आणि मग जे काही झालं त्याचा पसारा आजही आवरत नाहीये.

पण सुरुवात तिथून करू नका. चित्रं १९७९ ची आहेत, पोरगा दहा मिनिटांत उठेल. शिवाय पंधरा वर्षांचा मुलगा अपघाताने कॉकपिटमध्ये बसतो, म्हणजे "ट्रेनिंग कुठं केलं" परत सुरू.

तुम्ही गंडमचीच 'द एट्थ एमएस टीम' लावा (एमएस म्हणजे मोबाइल सूट). १९९६ ते ९९ मध्ये आलेली, फक्त १२ भाग. त्याच युद्धातली गोष्ट, पण आग्नेय आशियातल्या जंगलात, चिखलात. नायक शिरो अमादा तेवीस वर्षांचा आहे, ट्रेनिंग झालेला, नवा कोरा अधिकारी. हाताखाली एक अनुभवी बाई, एक सगळ्यांनी पनवती ठरवलेला सार्जंट, आणि जमिनीतले आवाज ऐकणाऱ्या टेहळणी गाडीत दोन पोरं, त्यातला एक सतत मैत्रिणीला पत्रं लिहितो. ह्यांचे गंडम मूळ नमुन्याच्या उरलेल्या सुट्या भागांतून जुळवलेले. १८० मिलिमीटरची तोफ पाठीवरच्या पेटीतून तुकड्यातुकड्याने काढतात, रोबोट गुडघ्यावर बसतो, जोडणी होते आणि मग फायर. ते दृश्य बाबांना दाखवाच. एका प्रसंगात आंघोळ आहे, पण फार काही नाही. इंग्रजी डबिंग उत्तम.

त्याच्यानंतर 'वॉर इन द पॉकेट', १९८९, सहाच भाग. लढाई म्हणजे मज्जा असं वाटणाऱ्या एका शाळकरी पोराची गोष्ट. कथा सांगत नाही. दोघांनी मिळून बघावी, एवढंच म्हणेन.

नागपुरी_तडका:

+१ एट्थ एमएस टीमला. पहिला भाग अंतराळात आहे, तो बघून "जंगल कुठाय बे" असं म्हणून बंद करू नका.

माझ्याकडून '८६'. उच्चार एटी-सिक्स. २०२१ ची, २३ भाग, चित्रं आजची, त्यामुळे पोरगा खूश. एक देश जगाला सांगतो की आमच्याकडे मानवरहित यंत्रं लढतात, जीवितहानी शून्य. प्रत्यक्षात आत माणसं असतात, फक्त त्यांना माणसात मोजत नाहीत. यंत्रं चार पायांची, कोळ्यासारखी, पत्रा इतका पातळ की चालवणारेच त्यांना तिरडी समजतात. राजधानीत सुरक्षित बसून दुरून हुकूम देणारी मेजर मुलगी आणि आघाडीवरची पोरं यांच्यातलं बोलणं, हाच अर्धा जीव आहे मालिकेचा. पोरं मरतात, बरीच मरतात, ते आधीच सांगून ठेवतो.

'आयर्न-ब्लडेड ऑर्फन्स' ही गंडम मालिका कोणी सुचवेल. चांगली आहे, पण आठवीसाठी दोन वर्षं थांबा.

कोल्हापुरी_कातडं:

'व्होटम्स'चं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून धावत आलो. १९८३. र्‍योसुके ताकाहाशी. यातला 'स्कोपडॉग' फक्त चार मीटरचा, म्हणजे उंच टार्गेटचा प्रश्नच मिटला. तोंडाच्या जागी फिरणाऱ्या तीन भिंगांची चकती, पायाला चाकं, ठोसा मारला की मनगटातून रिकामं काडतूस बाहेर उडतं. स्नायूंना चालवणारा द्रव इतका ज्वालाग्राही की गोळी लागली की आतल्या माणसासकट भडका. नायकसुद्धा त्याला लाडाचं नाव देत नाही, मोडला की टाकतो, दुसरा घेतो. सरकारी खात्यातल्या जीपला वागवतात तसं.

अडचण एकच: ५२ भाग आणि डबिंग नाही, पट्ट्याच वाचाव्या लागतील. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की बघायला सांगा.

निशिकासाईकर:

इकडे तोक्योहून लिहितेय. ओदायबाला १८ मीटरचा पहिला गंडम २००९ मध्ये उभा केला होता, मग २०१७ मध्ये तिथे युनिकॉर्न गंडम उभा केला. त्याच्या पायाशी उभं राहिलं की तुमच्या बाबांचा मुद्दा पटतो, लपायला जागा नाही!

पण मी गंडम नाही, 'पॅटलेबर' सुचवणार. इथे रोबोट म्हणजे बांधकामाचं यंत्र, जेसीबीचा मोठा भाऊ. तोक्योच्या खाडीत भर घालायचं प्रचंड काम चाललंय, त्यासाठी अशी यंत्रं शहरभर झाली आहेत, आणि यंत्रं आली म्हणजे ती चालवून गुन्हे करणारेही आले. म्हणून पोलिसांनाही आठ मीटरचा रोबोट मिळतो. तो चालत मोहिमेवर जात नाही. ट्रेलरवर आडवा झोपवून नेतात, ट्रॅफिकमध्ये अडकतात, मग उभा करतात. गोळी झाडली की कागद भरायचे, भिंत पडली की वरून झाडणी. तुकडीचं ठाणं शहराबाहेर भर घातलेल्या जमिनीवर, जवळपास खायला काही मिळत नाही, एकुलत्या एका चिनी हॉटेलातून जेवण मागवायचं. त्यावर एक अख्खा भाग आहे आणि तो लढाईच्या कुठल्याही भागापेक्षा भारी आहे.

आणि ताई, खरे नायक आहेत वर्कशॉपवाले. म्हातारे मुख्य मेकॅनिक साकाकी, काळा चष्मा लावून फिरतात, नव्या पोरांनी काम बिघडवलं की अख्खं हँगर हादरतं. नोआ नावाची चालक मुलगी आपल्या यंत्राला अल्फोन्स म्हणते आणि त्याला ओरखडा आला तरी रडकुंडीला येते. माझ्या मते ईएमईवाल्या माणसाला ह्यापेक्षा जवळची मालिका सापडणार नाही. इंग्रजी डबिंग आहे.

माणदेशी:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद! नागपुरी_तडका, सावध केलंत ते बरं झालं, पोरगा खरंच "जंगल कुठाय" म्हणाला होता.

एट्थ एमएस टीम निम्मी झाली. तोफ जोडायचा प्रसंग बाबांनी दोनदा मागे घेऊन बघितला. "लॉकिंग पिन दाखवली नाही" एवढीच तक्रार. पण खरी कळी खुलली ती वेगळ्याच ठिकाणी. त्या अनुभवी बाईच्या, कॅरेनच्या, रोबोटचं डोकं उडतं आणि मग ती दुसऱ्याच साध्या मॉडेलचं डोकं बसवून फिरते, ते बघून टाळी दिली त्यांनी नातवाला. वर्कशॉपमध्ये ह्याला कॅनिबलाइज करणं म्हणायचे म्हणे, एका गाडीचं काढून दुसरीला. मग अर्धा तास टी-७२ च्या गोष्टी. पोराने हेडफोन काढून ठेवलेत सध्या.

आता नवी कुरबूर. शिरोसाहेबांचं शत्रूपक्षाच्या मुलीवर मन आहे. बाबा म्हणतात, आमच्या वेळी असा अधिकारी थेट कोर्ट मार्शलला गेला असता. पोरगा म्हणतो, आबा, प्रेम आहे ते. वाद मिटत नाही.

पॅटलेबर नक्की बघणार, पण त्यात मालिका, चित्रपट, आणखी काय काय दिसतंय. कुठून सुरुवात करू? बाबा १९९३-९४ ला यूएनच्या मिशनवर सोमालियात होते, तशा प्रकारचं काही असेल तर तेही सांगा.

पाना_नंबर_बारा:

सुभेदारसाहेबांना सांगा, धीर धरा. चौकशी होते. एवढंच बोलतो.

निशिकासाईकर:

आधी १९८८-८९ चे सात भाग बघा, ती छोटी मालिका. मग १९८९ चा पहिला चित्रपट, त्यात यंत्रं आपोआप बेफाम होतात आणि दोष सापडतो सॉफ्टवेअरमध्ये. १९८९ साली हे सुचलं होतं लोकांना! ४७ भागांची टीव्ही मालिका वेगळी आहे, कथानक थोडं निराळं चालतं, ती सावकाश अधूनमधून बघा.

आणि सोमालियाचं म्हणालात म्हणून सांगते. १९९३ चा दुसरा चित्रपट, मामोरू ओशीचा, बाबांनी आधी एकट्याने बघावा असं मला वाटतं. सुरुवातच अशी आहे की आग्नेय आशियात यूएनच्या शांतिसेनेतली एक जपानी रोबोट तुकडी जंगलात घेरली जाते. अधिकारी रेडिओवर गोळीबाराची परवानगी मागतो, वरून मिळत नाही. काही मिनिटांत सगळं संपतं. तो एकटा वाचतो, आणि पुढचा चित्रपट त्याने तोक्योत परत येऊन काय केलं याचा. रोबोट त्यात फार कमी दिसतात, बोलणंच जास्त, रस्त्यांवर उभे केलेले रणगाडे, बर्फ. मुलाला कंटाळा येईल. पण ज्याने तसल्या मिशनवर नियमांची चोपडी खिशात घेऊन ड्यूटी केली आहे, त्याला ती पहिली पाच मिनिटं जड जाऊ शकतात. म्हणून आधी एकट्याने.

दुपारची_झोप:

वाचनखूण साठवली. माझ्याकडून एक फुकटचा सल्ला: नगरला कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, रणगाडे हात लावण्याइतक्या अंतरावर उभे. सुट्टीत आजोबा-नातवाला घेऊन जा. तिकडे प्रश्न नातू विचारेल.

तिरपांगडा:

तरीही इव्हॅन्जेलियन.

माणदेशी:

@तिरपांगडा, पोरगा कॉलेजात गेला की बघेल, नाव वहीत लिहून ठेवलंय.

नगरचा बेत पक्का. निशिकासाईकरताई, दुसऱ्या चित्रपटाचं आधी बोलेन त्यांच्याशी, मग ठरवू देत.

शेवटचं एक. पोराला वाढदिवसाला ते प्लास्टिकचं गंडम मॉडेल द्यायचं चाललंय, बाबा मदतीला बसणार म्हणतात. गोंद, रंग, काय काय आणावं लागेल?

पाना_नंबर_बारा:

एट्थ एमएस टीममधला शिरोच्या तुकडीचा गंडम, म्हणजे 'ग्राउंड टाइप' घ्या, एचजी (हाय ग्रेड) श्रेणीतला, १/१४४ मापाचा. गोंद लागत नाही, भाग एकमेकांत दाबून बसतात, रंग प्लास्टिकमध्येच असतो. माहितीपत्रक जपानीत असलं तरी चित्रांवरून सगळं कळतं, बाबांना तर नक्कीच. फक्त भाग कापायला एक छोटं निपर (कटर) वेगळं घ्या. भाग चौकटीपासून थोडं लांब कापायचे, उरलेला कोंब दुसऱ्यांदा काढायचा आणि बारीक पॉलिश पेपर फिरवायचा. ओढून तोडले तर तिथे प्लास्टिक पांढरं पडतं, आणि मग त्या पांढऱ्या डागावरून घरात नवा वाद.