अप हेली आ पाहायचा आहे, पण हॉलची तिकिटे नाहीत : मदत हवी आहे

वाटसरू :
जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरच्या लर्विक येथे होणारा अप हेली आ हा अग्निउत्सव यंदा पाहायचाच, असे आम्ही ठरवले आहे. मात्र मिरवणुकीनंतर गावातील हॉलमध्ये रात्रभर जे नाचगाणे चालते, त्याची तिकिटे कोठेच मिळत नाहीत. ती नसतील तर जाण्यात अर्थ आहे का? हवामान बिघडल्यास उत्सव पुढे ढकलतात का? रजेचा अर्ज याच आठवड्यात द्यायचा आहे, कृपया लवकर सांगावे.

मीरा_ग्लासगो :
आपण कोठून निघणार, बरोबर कोण आहे आणि खोली ठरली आहे का, हे लिहिलेलेच नाही. हॉलमधले कार्यक्रम मुळात यजमान आपल्या परिचितांसाठी ठेवतात. सोंगे घेतलेले स्क्वॉड, म्हणजे मिरवणुकीतले गट, पहाटेपर्यंत एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये जात आपापला खेळ सादर करतात. बाहेरच्यांना मोजकीच तिकिटे मिळतात. मशाल मिरवणूक पाहायला मात्र तिकीट लागत नाही.

उत्तरवारा :
हवामानासाठी हा उत्सव पुढे ढकलत नाहीत. करोनामुळे 2021 आणि 2022 साली तो झाला नाही, ती गोष्ट वेगळी. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास रस्त्यावरचे दिवे मालवतात, वायकिंग वेशातला गायझर यार्ल, म्हणजे उत्सवाचा त्या वर्षीचा प्रमुख, आपल्या स्क्वॉडसह निघतो आणि शेकडो मशालींच्या उजेडात लाकडी गलबत मैदानात ओढून नेले जाते. महिनोन्महिने खपून बांधलेल्या त्या गलबतावर सगळे वर्तुळ करून मशाली फेकतात. एवढे पाहायला मिळाले तरी प्रवास सार्थकी लागला, असे मी मानतो.

जुनीपाने :
हा वायकिंग काळापासून अखंड चालत आलेला सण आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. एकोणिसाव्या शतकात लर्विकचे तरुण पेटत्या डांबराची पिंपे रस्त्यांतून ओढत. त्यावर बंदी आल्यावर 1881 मध्ये मशाल मिरवणूक सुरू झाली आणि 1889 मध्ये तिच्यात गलबत आले.

उत्तरवारा :
विचारलेला प्रश्न हा नव्हता. शिवाय 1469 मध्ये डेन्मार्कची राजकन्या मार्गारेट हिच्या हुंड्यापोटी स्कॉटलंडकडे गहाण पडेपर्यंत ही बेटे नॉर्स (स्कँडिनेव्हियन) सत्तेखालीच होती, त्यामुळे रूप नवे असले तरी वारसा खोटा ठरत नाही.

ध्रुवतारा :
आकाश निरभ्र असल्यास तेथे उत्तरप्रकाशही दिसतो, त्यासाठी कॅमेऱ्याला तिवई अवश्य घ्यावी.

वाटसरू :
कॅमेऱ्याचा प्रश्न नाही. आम्ही अ‍ॅबर्डीनमध्येच राहतो. साताऱ्याहून सत्तरीची आई आलेली आहे, तिला गुडघ्याचा त्रास आहे आणि खोली अजून मिळालेली नाही.

मीरा_ग्लासगो :
हे आधी सांगायला हवे होते. मग तिकिटांच्या आधी खोली पाहावी, कारण लर्विक लहान आहे आणि त्या आठवड्यातल्या खोल्या फार आधी भरतात. अ‍ॅबर्डीनहून रात्रभर चालणाऱ्या बोटीने यावे. केबिन घेतली तर आईंना आडवे होता येईल.

उत्तरवारा :
जानेवारीत त्या समुद्रावर ज्येष्ठ व्यक्तीला नेऊ नये. विमानाने शेटलंडच्या सम्बर्ग विमानतळावर उतरून पुढे चाळीसेक किलोमीटर बसने जावे.

मीरा_ग्लासगो :
वारा आणि धुके विमानालाही अडवतात, म्हणून साधन कोणतेही असले तरी निदान आदल्या रविवारी तरी पोहोचावे. काकूंना रात्रीच्या गर्दीत फार वेळ उभे करू नका. यार्लचा स्क्वॉड दिवसभर गावात फिरतो, तेव्हा ते चिलखत आणि ढाली त्यांना जवळून पाहता येतील.

शेतवाट :
खोली मिळालीच नाही तर हट्ट सोडून शेटलंडच्याच डेल्टिंग या ग्रामीण भागातल्या, मार्चमधल्या अप हेली आचा विचार करावा. तेथे गलबत पाण्यावर जाळतात, आणि खेड्यांतल्या हॉलमध्ये बाहेरच्यांना प्रवेश मिळणे लर्विकपेक्षा सोपे असते. दिवसही तोवर मोठा झालेला असतो.

वाटसरू :
रजेच्या अर्जावर दोन्ही तारखा लिहितो. शुक्रवारपर्यंत लर्विकला खोली मिळाली तर तेथे, नाहीतर डेल्टिंग. डेल्टिंगच्या हॉलची तिकिटे कोणाकडे मागायची, हे कोणी सांगू शकेल का?