तळ्याकाठी तंबूत मुक्काम केलाय का? आपापले अनुभव सांगा

आम्ही जुळे सोलापूरला राहतो. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, त्यामुळे पाणी म्हटलं की माझ्या मुलींच्या डोळ्यांसमोर बॅरल आणि टाकी येते. धाकटी नऊ वर्षांची आहे. परवा तिनं विचारलं, "आई, रात्री तळ्याचा आवाज येतो का गं?" तेव्हापासून डोक्यात बसलंय, मे महिन्यात एकदा शनिवार-रविवार जोडून जंगलातल्या तळ्याकाठी दोन रात्री काढायच्या. सोबत सासरे असतील, वय एकाहत्तर. पवना, भंडारदरा, दाजीपूर, उजनी अशी नावं कानावर आली. जाहिराती सगळ्या बघून झाल्या. मला हवंय ते जाऊन आलेल्यांचं. तंबू कुठं लावला, काय चुकलं, काय खाल्लं, बायकांची सोय कशी होती, सगळं मोकळेपणानं लिहा.

सोलापूरच्या बाळ्याहून

आम्ही भंडारदऱ्याला गेलो होतो, जूनच्या पहिल्या आठवड्यात, काजव्यांसाठी. टेंभुर्णी, करमाळा, नगर, संगमनेर, अकोले, राजूर हा रस्ता. पहाटे निघूनही पोचायला दुपार टळली. हातात दोनच दिवस असतील आणि वडीलधारं माणूस सोबत असेल तर एवढ्या लांब जाऊ नका, हे आधी सांगतो.

पण जे बघितलं ते जन्मभर पुरेल. प्रवरेवरचं ते विल्सन धरण १९२६ सालचं, त्याचा जलाशय म्हणजे आर्थर लेक. अंधार पडल्यावर काठाची हिरडा-बेहड्याची झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लुकलुकायला लागली. एक झाड उजळायचं, विझायचं, की शेजारचं सुरू. एक काजवा आमच्या तंबूच्या जाळीवर येऊन बसला. बोटभर अंतरावरून बघितलं, पोटाच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी पिवळट हिरवी पट्टी, आणि ती श्वास घेतल्यासारखी कमी-जास्त व्हायची. मुलगा अर्धा तास हलला नाही.

तो उजेड म्हणजे नरानं मादीला घातलेली साद असते. तेवढ्यात कुणीतरी गाडीचे हेडलाइट पाडले आणि ते सगळं झाड विझलं. फार वाईट वाटलं. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद लावा आणि तोही जमिनीकडेच धरा.

आता चूक. तंबूखाली ताडपत्री अंथरली होती, ती चारही बाजूंनी वीतभर बाहेर राहिली. रात्री अकराला पाऊस आला, बाहेरच्या कडांवर पाणी पडलं आणि घरंगळत थेट आमच्या पाठीखाली. सोलापुरी चादरी चार नेल्या होत्या. चादर ओली झाली की एकट्याला पिळवत नाही आणि तिकडच्या हवेत दोन दिवस वाळत नाही. ताडपत्रीच्या कडा तंबूच्या खाली दुमडून घ्या, एवढं केलं असतं तर कोरडे झोपलो असतो.

होटगी रोडवरून

पवनेचं सांगते. पाणी सुंदर, समोर तुंग, तिकोना, लोहगड. पण आम्ही पैसे भरले त्या जागी तंबू साठेक आणि स्वच्छतागृहं दोन. फोटोत एकच तंबू होता. रात्री दीडपर्यंत स्पीकर. आईला बीपीचा त्रास, ती रात्रभर बसून होती. पैसे भरण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या: तंबू किती, स्वच्छतागृहं किती, आवाज किती वाजता बंद होतो. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर जाऊ नका.

विजापूर रोडवरून

मी दवाखान्यात रात्रपाळी करते, म्हणून हे लिहिणं मला भाग आहे. गेल्या वर्षी नात्यातल्यांच्या शेताजवळच्या तळ्यावर आम्ही राहिलो. उकडत होतं म्हणून दोघं पोरं तंबूबाहेर सतरंजीवर झोपली. पहाटे तीनला उठले तेव्हा धाकट्याच्या पायथ्याशी मण्यार होती. काळी कुळकुळीत, अंगावर पांढरे बारीक पट्टे, अंगठ्याएवढी जाड. मी श्वास रोखून दोघांना उशाकडून ओढलं. ती हळूच दगडांत गेली.

मण्यार रात्रीच फिरते. तिचा दंश दुखत नाही, सूजही येत नाही, म्हणून झोपलेल्याला कळत नाही. नंतर पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, मग श्वास अडतो. "मुंगी चावली असेल" म्हणून सकाळची वाट बघत बसलेली माणसं मी बघितली आहेत. रात्री काही चावल्याचा संशय जरी आला तरी हातपाय न हलवता झोपवून ठेवा, १०८ ला फोन करा, सरकारी दवाखाना गाठा. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर चालते, साप पकडून आणायची गरज नाही. चिरणं, आवळून बांधणं, चोखणं काही करू नका. जाण्याआधीच जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठं आहे ते बघून ठेवा. तंबूची चेन कायम लावलेली, बूट आत, पहाटे घालताना झटकून. आणि थंडी कितीही असो, पेटती शेगडी तंबूत नको. कोंडलेल्या जागेत त्या निखाऱ्यांचा वायू झोपेतच माणूस नेतो, त्याला वासही नसतो.

करमाळ्याचं माहेर

आमच्या आजोबांचं गाव उजनीत गेलं. त्यामुळे मी तिथं सहलीला म्हणून कधी जात नाही, माहेरी म्हणून जाते. काठावर मुक्काम मात्र खूपदा केला. तुमच्या लेकीला सांगा, आवाज येतो. वारा पडला की काठाशी चुळूक चुळूक, मध्येच मासा उसळल्याचा टप्प आवाज, आणि पहाटे बदकांचा कालवा. थंडी सरताना उथळ पाण्यात रोहित पक्षी असतात. उजाडताना ते राखाडी दिसतात, ऊन आलं की पंखाखालचा लाल रंग उघडतो.

पण उजनीचा काठ एका जागी राहत नाही. दिवाळीत जिथं पाणी असतं तिथं मे महिन्यात अर्धा किलोमीटर गाळ असतो, वरून सुकलेला, भेगाळलेला, आत लोण्यासारखा. चालत गेलेलं जनावर मांडीपर्यंत रुततं. पाण्याखाली जुन्या विहिरी, भिंती, बाभळी तशाच आहेत. पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तसं बाकीचं गावही खाली आहेच. कुणी पोहणारा असला तरी उतरू देऊ नका.

आणि होडी. २०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी अचानक आलेल्या वादळात उलटली, सहा जण गेले. आमच्या घरच्यांनी त्या वाटेनं कितीदा ये-जा केलेली. वळवाचे ढग दिसले की पाण्यावर जायचं नाही, आणि लाइफ जॅकेट नसेल तर निरभ्र आभाळातही नाही.

शेळगीहून

पहिल्याच वेळी लांब कशाला? एकदा पहाटे हिप्परग्याला न्या मुलींना. १८७१ चा तलाव आहे, आपल्याच उंबऱ्यावर. मुक्काम नको, फक्त सूर्य उगवेपर्यंत बसा. नान्नजला मात्र तंबूचा विचार करू नका, माळढोकाचं अभयारण्य आहे ते, काळवीट-लांडग्यांना शांत राहू द्या.

अक्कलकोट रोडवरून

आमचं मत दाजीपूर-राधानगरी, डिसेंबरात. कोल्हापूरपर्यंत पाच तास धरा, पुढे दीड तास. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं, तलावाचं नाव लक्ष्मी तलाव. पूर्ण भरला की त्याचे दरवाजे आपोआप उघडतात. आम्ही अभयारण्याच्या बाहेर, गावातल्या एका घराच्या अंगणात तंबू लावला. घरातली मोरी-संडास वापरायला मिळाला, बायकांना फार बरं पडलं, वडिलांना रात्री खोलीत पलंग मिळाला. सकाळी वनखात्याच्या गेटवर नोंद करून आत गेलो. धुक्यात गव्यांचा कळप दिसला, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. एकटा गवा दिसला तर लांबच थांबा, तो कळपापेक्षा धोक्याचा.

खायला कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा. भाकरी पापडासारखी असते, आठ दिवस काही होत नाही, गरम आमटीत चुरली की जेवण झालं. चूल पेटवायला लागली नाही, जंगलाशेजारी ते चांगलंच. पहाटे तंबूला आतून दव धरतं, म्हणून वरची झडप थोडी उघडी ठेवा.

जुळे सोलापूरहून, पुन्हा

सगळं वाचून दाखवलं घरी. सासऱ्यांनी मण्यारीचं दोनदा वाचायला लावलं आणि सांगितलं, बाहेर कुणी झोपणार नाही. मे महिन्याचा बेत रद्द केला. डिसेंबरात राधानगरी, अंगणातच तंबू, सासऱ्यांना खोली. त्याआधी येत्या रविवारी साडेपाचला हिप्परगा. अक्कलकोट रोडच्या ताई-दादा, ते अंगण कुठल्या गावात होतं आणि दोन रात्रींना काय घेतलं, तेवढं सांगाल का?