मदत हवी आहे: तोंड तुटलेले जीवाश्म शंख कसे ओळखायचे?

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, शाळेत विज्ञान शिकवतो. कच्छमधल्या एका मित्राने शाळेच्या संग्रहासाठी सागरी गोगलगायींच्या जीवाश्म शंखांचं एक खोकं दिलंय. त्यांची विभागणी करताना अडलोय.

आपल्याकडच्या, नागपुरातल्या टाकळीच्या जीवाश्म थरांतली फायसा ही गोगलगाय ओळखायला सोपी. टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं की ते डावीकडे उघडतं. पण ती गोड्या पाण्यातली. खोक्यातले जवळपास सगळे शंख उजवे, त्यामुळे ती खूण इथे कामाची नाही.

गोल, फुगीर शंख नॅटिकासारखे, तर उलट्या शंकूसारखे, लांब चिंचोळ्या तोंडाचे कोनस म्हणून बाजूला काढले. खरा घोळ उंच, निमुळत्या शंखांचा आहे. टुरिटेलाचं तोंड साधं, गोलसर. सेरिथियमच्या तोंडाला खाली छोटी पन्हळ असते. एवढं ठाऊक आहे, पण माझ्याकडच्या बहुतेकांचं तोंडच तुटलंय! काही तर नुसते आतले साचे आहेत, म्हणजे कवच विरघळून आत भरलेला गाळच दगड झालेला. त्यांवर नक्षी कुठून दिसणार?

अशा वेळी वेढ्यांचा फुगीरपणा आणि टोकाचा कोन यांवर कितपत भरवसा ठेवावा? टुरिटेलाच्या वाढरेषा वळणदार असतात; त्या भिंगातून पाहायला उजेड कसा धरता? साच्यांना निदान कुळापर्यंत नाव देता येतं, की ‘अनिश्चित’ लिहून मोकळं व्हावं? (मला तेच प्रामाणिक वाटतं, पण पोरं ऐकत नाहीत.)

नागपुरात कोणी जाणकार असेल तर खोकं घेऊन येतो. फोटो कोणत्या बाजूंनी टाकू तेही सांगा.